न्यू जर्सीची ओळख आणि राज्यचिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत नव्याने आलेली मंडळी, यायच्या तयारीतले विद्यार्थी, नातवंडांकडे सहा महिने राहायला येणारे आजी-आजोबा आणि शाळेच्या प्रकल्पाच्या आदल्या रात्री जागे झालेले पालक, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. या राज्याची एक गंमत आहे. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या बऱ्याच गोष्टी इथे कायद्यात नाहीत, आणि जे कुणाच्या गावीही नसतं ते मात्र रीतसर सही-शिक्क्यानिशी अधिकृत आहे. तेव्हा जमेल तिथे कायद्यातलं काय आणि नुसतं बोलण्यातलं काय, हेही सांगितलं आहे.

१. न्यू जर्सी नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. पूर्वेला हडसन नदी आणि अटलांटिक महासागर, पश्चिमेला डेलावेअर नदी, दक्षिणेला डेलावेअरचा उपसागर. उत्तरेला न्यू यॉर्क राज्याला लागून जमिनीची सीमा आहे, बाकी सगळीकडे पाणी. (याला एक छोटा अपवाद आहे, तो प्रश्न २३ मध्ये.)

पाणी धरून एकूण क्षेत्रफळ सुमारे २२,६०० चौरस किलोमीटर, नुसती जमीन सुमारे १९,००० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडंसं मोठं. एकूण क्षेत्रफळात याहून लहान राज्यं तीनच: ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि कनेक्टिकट. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९२,८८,९९४ भरली, आणि दाटीच्या बाबतीत सगळ्या राज्यांत हे पहिलं आहे. सर्वांत उंच जागा वायव्य कोपऱ्यातल्या ससेक्स काउंटीत आहे, उंची १,८०३ फूट. तिचं नावच 'हाय पॉइंट'. नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलेलं दिसत नाही.

२. पण न्यू जर्सी म्हणजे न्यू यॉर्कचाच भाग ना? मुलगा 'न्यू यॉर्कला असतो' असंच सांगतो.

मुलगा सोयीसाठी तसं सांगतो. न्यू जर्सी हे स्वतंत्र राज्य आहे. त्याचे गव्हर्नर वेगळे, कर वेगळे, गाडीचा परवानाही वेगळा.

गोंधळ व्हायला कारणं मात्र भरपूर आहेत. नुवर्कचा विमानतळ न्यू जर्सीत आहे, पण तो चालवणारी पोर्ट ऑथॉरिटी दोन्ही राज्यांची मिळून आहे. 'न्यू यॉर्क जायंट्स' आणि 'न्यू यॉर्क जेट्स' हे अमेरिकन फुटबॉलचे दोन्ही संघ खेळतात न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर. कहर म्हणजे 'वेस्ट न्यू यॉर्क' नावाचं एक गाव आहे, आणि तेही न्यू जर्सीतच. तिकीट काढताना किंवा टॅक्सीला पत्ता देताना राज्याचं नाव नीट बघा. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं काय, ते प्रश्न २२ मध्ये आहे.

३. घरी फोन करायचा तर वेळेचा फरक किती धरायचा?

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास, उरलेल्या काळात साडेदहा तास. भारत पुढे.

४. 'न्यू' जर्सी, तर मग जुनी जर्सी कुठे आहे?

इंग्लिश खाडीत, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ. जर्सी नावाचं ते छोटं बेट आहे. जर्सी गाय मूळची तिथलीच. इंग्लंडच्या यादवी युद्धात त्या बेटावर जॉर्ज कार्टरेट राजाच्या बाजूने उभे राहिले होते. पुढे १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून हा अमेरिकेतला मुलूख घेतला, तेव्हा तो कार्टरेट आणि जॉन बर्कली या दोन सरदारांना बहाल झाला. कार्टरेटांच्या बेटावरून नाव पडलं. त्याआधी ही भूमी लेनापी लोकांची होती. हॅकेनसॅक, पॅसेइक, रॅरिटन ही नावं त्यांच्याच भाषेतून आली आहेत.

मध्ये काही दशकं ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी अशा दोन वेगळ्या वसाहती होत्या. ईस्टची राजधानी पर्थ अँबॉय, वेस्टची बर्लिंग्टन. १७०२ मध्ये त्या एक झाल्या. तरी 'नॉर्थ जर्सी' आणि 'साउथ जर्सी' हा भेद आजही पक्का आहे. उत्तरेचे लोक न्यू यॉर्ककडे तोंड करून राहतात, दक्षिणेचे फिलाडेल्फियाकडे. सकाळी अंड्याबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाच्या एकाच पदार्थाला उत्तरेत 'टेलर हॅम' म्हणतात आणि दक्षिणेत 'पोर्क रोल'. त्यावरून लोक खरोखर भांडतात. शाकाहारी माणसाने या वादात न पडलेलं बरं.

५. सर्वांत मोठं शहर नुवर्क, मग राजधानी ट्रेंटन कशी?

ट्रेंटन दोन्ही जुन्या वसाहतींच्या सीमेजवळ आणि डेलावेअर नदीकाठी, न्यू यॉर्क-फिलाडेल्फिया रस्त्यावर आहे. १७९० मध्ये ती राजधानी ठरली. १७९२ मध्ये बांधलेलं स्टेट हाउस आजही वापरात आहे; सलग वापरात असलेल्या राज्य-राजधान्यांच्या इमारतींत जुनेपणात मेरीलँडच्या खालोखाल हिचाच नंबर.

ट्रेंटनला इतिहासात मान आहे तो १७७६ च्या नाताळामुळे. २५ डिसेंबरच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन यांनी बर्फ वाहणारी डेलावेअर ओलांडली आणि सकाळी इथल्या हेसियन, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन, पलटणीवर छापा घातला. हरत आलेल्या स्वातंत्र्ययुद्धात त्या छाप्याने जीव आला. आता रेल्वेने जाताना नदीवरच्या लोखंडी पुलावर मोठाल्या अक्षरांत 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स' असं झळकताना दिसतं. ते राज्याचं ब्रीदवाक्य नाही, शहराची जुनी कारखानदारी जाहिरात आहे.

जाता जाता: १७८३ मध्ये जून अखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत देशाची काँग्रेस प्रिन्स्टनच्या नॅसॉ हॉलमध्ये भरत होती. म्हणजे तेवढे महिने अख्ख्या देशाची राजधानी न्यू जर्सीत होती.

६. हे कितवं राज्य? गाडीच्या मागे 'तिसरं' असं लिहिलेलं पाहिलं.

बरोबर. १८ डिसेंबर १७८७ रोजी अमेरिकेची राज्यघटना मान्य करणारं हे तिसरं राज्य. डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनिया आधी. नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या घटनादुरुस्त्या, म्हणजे 'बिल ऑफ राइट्स', मान्य करण्यात मात्र पहिलं: २० नोव्हेंबर १७८९. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत या दोन तारखांची अदलाबदल करून विचारतात.

७. राज्य चालवतं कोण? इथे मुख्यमंत्री असतो का?

मुख्यमंत्र्याच्या जागी गव्हर्नर, आणि तो थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. भारतातल्या राज्यपालाशी नाव जुळतं म्हणून फसू नका. इथला गव्हर्नर शोभेचा नाही. १९४७ च्या राज्यघटनेने त्याच्या हाती भरपूर सत्ता दिली आहे. ॲटर्नी जनरलसुद्धा तोच नेमतो, लोक निवडून देत नाहीत. लागोपाठ दोनच कार्यकाळ करता येतात. विधिमंडळाची दोन सभागृहं: ४० जणांचं सेनेट आणि ८० जणांची जनरल असेंब्ली. ४० मतदारसंघ, प्रत्येकातून एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. केंद्रातल्या प्रतिनिधिगृहात १२ जागा आहेत.

गव्हर्नरची निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी येते, विषम सालात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिकी शेरिल निवडून आल्या.

८. काउंटी, टाउनशिप, बरो, सिटी… हा सगळा काय घोळ आहे?

घोळच आहे. राज्यात २१ काउंट्या आहेत. त्यांना ढोबळमानाने जिल्हे समजा. पण खरा कारभार त्याखालच्या नगरपालिकांच्या हाती असतो, आणि अहिल्यानगरएवढ्या या मुलखात त्या तब्बल ५६४ आहेत. प्रकार पाच: सिटी, टाउन, टाउनशिप, बरो आणि व्हिलेज. यात 'मोठं म्हणजे सिटी, लहान म्हणजे व्हिलेज' असा हिशेब अजिबात लावू नका. प्रकार हा स्थापनेच्या वेळच्या कायद्यावरून ठरलेला आहे, लोकसंख्येवरून नाही. एडिसनची लोकसंख्या लाखावर आहे, तरी ती टाउनशिपच.

एवढ्या नगरपालिका झाल्या कशा? १८९० च्या दशकात शाळांच्या कायद्यात असा बदल झाला की वेगळं बरो काढलं तर आपल्या शाळेचा पैसा आपल्याच हातात राहील. मग प्रत्येक वाडी उठून बरो मागू लागली. त्या काळाला इथले इतिहासकार गमतीने 'बरोचा आजार' म्हणतात. त्यातून काही गावं दुसऱ्या गावाच्या पोटात राहिली. मेटचन हे बरो चारही बाजूंनी एडिसनने वेढलेलं आहे. मेटचन स्टेशनवरून कुठल्याही दिशेने निघा, आधी एडिसनच लागणार.

एकत्र येण्याचे प्रसंग क्वचित. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप २०१३ मध्ये एक झाल्या. २०२२ मध्ये गोल्फ क्लबापुरतं असलेलं पाइन व्हॅली बरो शेजारच्या पाइन हिलमध्ये विलीन झालं, म्हणून आकडा ५६५ वरून ५६४ वर आला. जुन्या पुस्तकांत ५६६ दिसेल तर ते प्रिन्स्टन एक होण्याआधीचं.

९. आमचा पत्ता 'प्रिन्स्टन' आहे, पण मुलांना शाळा वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोची मिळाली. असं कसं?

पोस्टाचा पत्ता आणि नगरपालिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्ट खातं जवळच्या पोस्ट ऑफिसच्या नावाने पत्ता देतं. त्यामुळे प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर, लॉरेन्स अशा टाउनशिपमधल्या कितीतरी घरांच्या पाकिटावर 'प्रिन्स्टन' येतं. 'प्रिन्स्टन जंक्शन' हे रेल्वे स्टेशन तर वेस्ट विंडसरमध्येच आहे. शाळा, मालमत्ता कर, कचरा उचलण्याचे वार, मतदान हे सगळं नगरपालिकेवरून ठरतं. त्यात प्लेन्सबोरो मिडलसेक्स काउंटीत आणि वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, म्हणजे काउंटीसुद्धा वेगळी. घर भाड्याने घेण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारा: मालमत्ता कर कुठल्या टाउनशिपला भरता? उत्तर मिळालं की शाळा कळली.

१०. मुलीला राज्यचिन्हांचा तक्ता करायचा आहे, उद्याच द्यायचाय. पटकन सांगाल का?

घ्या. पक्षी: अमेरिकन गोल्डफिंच (१९३५). फूल: जांभळी व्हायोलेट (कायद्याने १९७१). झाड: रेड ओक (१९५०), आणि स्मृतिवृक्ष म्हणून डॉगवुड (१९५१). प्राणी: घोडा (१९७७). कीटक: मधमाशी (१९७४). मासा: ब्रूक ट्राउट. सरपटणारा प्राणी: बॉग टर्टल (२०१८). शंख: नॉब्ड व्हेल्क (१९९५). डायनोसॉर: हॅड्रोसॉरस फोल्की (१९९१). फळ: हायबुश ब्लूबेरी. लोकनृत्य: स्क्वेअर डान्स (१९८३). जहाज: ए. जे. मीरवॉल्ड (१९९८). सूक्ष्मजीव: स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस (२०१९). कुत्रा: अंध व्यक्तींना वाट दाखवणारा 'सीइंग आय' कुत्रा (२०२०).

चित्र काढताना एक सांभाळा. गोल्डफिंच पिवळाधमक दाखवतात तो उन्हाळ्यातला नर. हिवाळ्यात तोच पक्षी मळकट हिरवट-तपकिरी होतो. जानेवारीत खिडकीतून पाहून 'हा तो नव्हेच' असं म्हणू नका. बॉग टर्टल तर जेमतेम १० सेंटीमीटरचा. मानेवर दोन्ही बाजूंना नारिंगी ठिपका काढला की काम झालं.

११. एखादी गोष्ट 'राज्याची अधिकृत' होते म्हणजे नक्की काय होतं?

इतर कुठल्याही कायद्यासारखंच. विधेयक मांडलं जातं, सेनेटमध्ये किमान २१ आणि असेंब्लीत किमान ४१ मतं लागतात, मग गव्हर्नरची सही. गव्हर्नरने नकार दिला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी तो फिरवता येतो. तसं एकदा झालंही आहे, प्रश्न १४ वाचा.

यातली मला आवडणारी बाब अशी की अर्धी यादी शाळकरी मुलांनी करून घेतली आहे. मधमाशीसाठी हॅमिल्टन टाउनशिपची मुलं ट्रेंटनला गेली, डायनोसॉरसाठी हॅडन टाउनशिपमधल्या एका शिक्षिकेच्या वर्गांनी पिच्छा पुरवला, ब्लूबेरीसाठी ब्राउन्स मिल्सची चौथीतली मुलं, आणि बॉग टर्टलसाठी प्रिन्स्टनची. आमदारांना मुलांसमोर 'नाही' म्हणणं जड जातं हे उघड आहे.

फक्त ठराव झाला आणि कायदा झाला नाही, तर ते टिकत नाही. व्हायोलेटबद्दल १९१३ मध्येच ठराव झाला होता, पण फूल खऱ्या अर्थाने राज्याचं झालं ते १९७१ च्या कायद्याने. काही ठिकाणी १९१३ आणि काही ठिकाणी १९७१ दिसतं, ते यामुळे.

१२. राज्यमुद्रेवर घोड्याचं डोकं, तीन नांगर आणि दोन बायका आहेत. त्या कोण?

डावीकडची स्वातंत्र्यदेवता. तिच्या हातात काठी आणि काठीवर टोपी. प्राचीन रोममध्ये गुलाम मुक्त झाला की अशी टोपी घालायचा, म्हणून ती स्वातंत्र्याची खूण. उजवीकडे धान्याची रोमन देवता सेरीस, हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. मधल्या ढालीवरचे तीन नांगर शेतीचे. ढालीवर समोर तोंड केलेलं शिरस्त्राण म्हणजे सार्वभौम राज्य, आणि त्यावर घोड्याचं डोकं. खाली पट्टीवर ब्रीदवाक्य आणि १७७६ हे साल.

मुद्रा रेखाटली पिएर यूजीन दु सिमिटिएर यांनी, १७७७ मध्ये. हे मूळचे स्वित्झर्लंडचे, फिलाडेल्फियात राहणारे चित्रकार. देशाच्या राजमुद्रेसाठी नेमलेल्या पहिल्या समितीलाही त्यांनीच मदत केली होती. १९२८ मध्ये मुद्रेचं वर्णन कायद्याने नव्याने पक्कं झालं.

१३. झेंड्याचा रंग असा पिवळट का? धुऊन विटल्यासारखा दिसतो.

तो मुद्दामच तसा आहे. त्या रंगाला 'बफ' म्हणतात, पिवळसर बदामी. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यू जर्सीच्या पलटणींसाठी गडद निळे कोट आणि त्यांना बफ रंगाची पट्टी असा गणवेश ठरवून दिला. १८९६ मध्ये झेंडा ठरला तेव्हा तोच बफ रंग घेतला आणि मध्ये राज्याचं चिन्ह ठेवलं. बऱ्याच राज्यांनी निळ्या कापडावर मुद्रा छापून काम भागवलंय, तेव्हा निदान ओळखू तरी येतो हे कबूल करायला हवं.

१४. कारखाने आणि हायवे दिसतात सगळीकडे, मग 'गार्डन स्टेट' कसलं?

विमानतळावरून टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या हायवेने, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा हा पहिला प्रश्न. टर्नपाइकवरून दिसतं तेवढंच राज्य नाही. दक्षिणेला गेलात की ब्लूबेरी, क्रॅनबेरी, पीच, टोमॅटो, मका यांची शेतं मैलोन्मैल आहेत. हॅमंटन गाव तर स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवतं.

या नावाचं श्रेय कॅमडेनच्या अब्राहम ब्राउनिंग यांना देतात. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात ते म्हणाले होते की न्यू जर्सी म्हणजे खाण्याच्या चांगल्या वस्तूंनी भरलेलं, दोन्ही टोकांना उघडं पिंप आहे; एका टोकाने पेनसिल्व्हेनियावाले ओढतात, दुसऱ्या टोकाने न्यू यॉर्कवाले. शेजाऱ्यांबद्दलची ही तक्रार अजून शिळी झालेली नाही.

१९५४ मध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'गार्डन स्टेट' छापायचा कायदा आला. गव्हर्नर रॉबर्ट मेनर यांनी सही नाकारली. राज्यात इतके उद्योग असताना फक्त बागकामाचीच ओळख का, असं त्यांचं म्हणणं. विधिमंडळाने त्यांचा नकार फिरवला आणि प्लेटवर नाव आलं ते आजतागायत. नेमकं सांगायचं तर कायदा प्लेटवर काय छापायचं ते सांगतो. टोपणनाव म्हणून वेगळं काही अधिकृत केलेलं नाही.

१५. ब्रीदवाक्य 'लिबर्टी अँड प्रॉस्पेरिटी' तरी अधिकृत आहे का?

मुद्रेवर आहे, आणि मुद्रा अधिकृत आहे. ब्रीदवाक्य म्हणून स्वतंत्रपणे ते कधी मंजूर झालेलं नाही. तक्त्यात लिहायला हरकत नाही.

मात्र मुद्रेवर स्वातंत्र्यदेवता बसवणाऱ्या या राज्याने गुलामगिरी संपवायला उत्तरेत सर्वांत जास्त वेळ घेतला. १८०४ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने बंद करायची ठरली, पण शेवट झाला तो तेराव्या घटनादुरुस्तीनेच. ती दुरुस्ती न्यू जर्सीने १८६५ मध्ये आधी फेटाळली आणि जानेवारी १८६६ मध्ये मान्य केली, तोवर ती देशभर लागू होऊन गेली होती.

१६. राज्याचा डायनोसॉर? तो काय प्रकार आहे?

यादीतला माझ्या मते सर्वांत योग्य मानकरी. हॅडनफील्डमध्ये शेतकरी जमिनीतून 'मार्ल' नावाची हिरवट चिकणमाती खणून खत म्हणून वापरत. १८५८ मध्ये विल्यम पार्कर फोल्क हे हौशी अभ्यासक तिथे मुक्कामाला असताना शेजाऱ्याच्या जमिनीत वीस वर्षांपूर्वी मोठाली हाडं सापडल्याचं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी तो जुना खड्डा शोधून पुन्हा खणला. निघाला तो तोवर जगात सापडलेला डायनोसॉरचा सर्वांत पूर्ण सांगाडा. जोसेफ लायडी यांनी अभ्यास करून त्याला फोल्क यांचंच नाव दिलं. पुढच्या आणि मागच्या पायांच्या लांबीतला फरक पाहून हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहत असावा असं त्यांनी मांडलं; तोवर डायनोसॉर म्हणजे गेंड्यासारखा चार पायांवरचा अजस्र सरडा, अशी कल्पना होती.

१८६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या ॲकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमध्ये तो उभा केला. डायनोसॉरचा उभा केलेला सांगाडा जगात पहिल्यांदा लोकांनी पाहिला तो हाच. डोक्याची कवटी सापडलीच नव्हती, त्यामुळे डोकं अंदाजाने बनवलं. मुलांना घेऊन जायचं तर हॅडनफील्डच्या बाजारात त्याचा कांस्याचा पुतळा आहे.

१७. आणि सूक्ष्मजीव कशाला? कुणी गंमत केली का?

गंमत नाही. स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस हा मातीतला जिवाणू. त्याचा एक प्रकार रटगर्स विद्यापीठातल्या सेलमन वॉक्समन यांना न्यू जर्सीच्या मातीत १९१६ मध्येच दिसला होता. १९४३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने त्यापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. क्षयावर चालणारं हे पहिलं प्रतिजैविक. एक नमुना शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला होता, दुसरा कोंबडीच्या घशातून. आपल्याकडे ज्यांच्या घरात जुन्या पिढीत कुणाला टीबी झाला असेल, त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची ती रोजची इंजेक्शनं आठवत असतील.

१९५२ चं नोबेल एकट्या वॉक्समन यांना मिळालं. शॅट्झ यांनी त्याआधीच श्रेय आणि रॉयल्टीवरून कोर्टात धाव घेतली होती; १९५० मध्ये तडजोड होऊन त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीत वाटा मिळाला. शोधनिबंधावर एलिझाबेथ ब्यूगी यांचंही नाव होतं, पेटंटवर नव्हतं. राज्यचिन्हाच्या कायद्यात जिवाणूचं नाव आलं, माणसांचा वाद बाजूला राहिला.

१८. जर्सी टोमॅटो एवढा प्रसिद्ध, तो राज्याची भाजी आहे ना?

नाही. विधेयक आलं होतं, पूर्णत्वाला गेलं नाही. टोमॅटो शास्त्राप्रमाणे फळ, पण १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयात करापुरती त्याला भाजी ठरवलंय. समर्थकांनी त्याचा आधार घेतला तरी गाडी पुढे गेली नाही. फळाचा मान ब्लूबेरीला आहे, आणि तो रास्त आहे. व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानटी झुडपांतून निवड करत १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात आणलं. रानात जाणाऱ्या लोकांना एलिझाबेथबाई मोठ्यात मोठी बेरी असलेलं झुडूप दाखवण्याचे पैसे देत.

१९. राज्यगीत कुठलं?

एकही नाही. १९७२ मध्ये रेड मस्कारा यांचं गाणं विधिमंडळात मंजूर झालं, पण गव्हर्नर विल्यम केहिल यांनी सही केली नाही. मस्कारा यांनी पुढे कित्येक दशकं ट्रेंटनचे उंबरे झिजवले. १९८० मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या एका गाजलेल्या गाण्याला तरुणाईचं 'अनधिकृत' गीत म्हणण्याचा ठराव असेंब्लीत आला. ते गाणं मुळात गाव सोडून पळून जाण्याबद्दल आहे, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की नाही देव जाणे. तक्त्यात ही जागा कोरी ठेवायची.

२०. जर्सी डेव्हिल?

दक्षिणेच्या पाइन बॅरन्सच्या जंगलातलं, पंख आणि खुरं असलेलं भूत. १९०९ च्या जानेवारीत ते पाहिल्याच्या बातम्यांचा पूर आला होता. आइस हॉकीच्या संघाला त्याचंच नाव आहे. प्रश्न १० मधल्या यादीत त्याला जागा नाही, कुणी काहीही सांगो.

२१. इथे बायकांना देशाच्या आधी मताचा हक्क होता असं वाचलं. खरं का?

खरं, पण अटींसह. १७७६ च्या राज्यघटनेत मताचा हक्क ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' दिला होता, स्त्री-पुरुष असा भेद न करता. १७९० च्या एका कायद्यात तर मतदाराचा उल्लेख 'तो किंवा ती' असा स्पष्ट आहे. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता राहत नसे, त्यामुळे प्रत्यक्षात मत दिलं ते विधवा आणि अविवाहित स्त्रियांनी. मालमत्ता असलेल्या मुक्त कृष्णवर्णीय लोकांनीही दिलं. १८०७ मध्ये पक्षीय भांडणात, निवडणुकीतल्या गैरप्रकारांचं निमित्त करून, हा हक्क गोऱ्या पुरुषांपुरता केला. स्त्रियांना तो परत मिळाला १९२० मध्ये, देशाबरोबरच.

२२. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा कुणाचा? आणि एलिस आयलंड?

दोन्ही बेटं हडसनच्या न्यू जर्सीकडच्या पाण्यात आहेत. पण १८३४ च्या करारात ही बेटं न्यू यॉर्ककडे आणि भोवतालचं पाणी न्यू जर्सीकडे असं ठरलं. म्हणून पुतळ्याचं लिबर्टी आयलंड न्यू यॉर्कचं.

एलिस आयलंडची कथा वेगळी. मूळ बेट जेमतेम ३.३ एकरांचं, स्थलांतरितांची गर्दी वाढली तसा भराव घालून ते २७.५ एकर केलं. हा भराव कुणाचा? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मूळ बेट न्यू यॉर्कचं, पाण्यात वाढवलेली जमीन न्यू जर्सीची. त्यामुळे सीमारेषा मुख्य इमारतीच्या आतून जाते. जमिनीची मालकी अर्थात केंद्र सरकारची आहे, फेरी जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही मिळते, आणि मॅनहॅटनपेक्षा तिथे गाडी लावायची सोय कितीतरी बरी.

२३. प्रश्न १ मध्ये म्हटलेला अपवाद कोणता?

डेलावेअर राज्याची उत्तर सीमा न्यू कॅसल गावाच्या न्यायालयाला केंद्र धरून काढलेल्या बारा मैलांच्या वर्तुळाने ठरते. या वर्तुळाच्या आत नदी अर्धी-अर्धी वाटलेली नाही. न्यू जर्सीच्या काठावर ओहोटीचं पाणी जिथवर उतरतं तिथवर सगळी नदी डेलावेअरची. सर्वोच्च न्यायालयाने हे १९३४ मध्ये ठरवलं. २००८ मध्ये न्यू जर्सीच्या काठावरून नदीत काढायच्या गॅसच्या धक्क्यावरून पुन्हा वाद गेला, तेव्हाही डेलावेअरचीच सरशी झाली.

पुढे नदीतला गाळ उपसून याच काठाला टाकला गेला आणि नवी जमीन तयार झाली. पाणी डेलावेअरचं होतं, म्हणून त्यावरची जमीनही डेलावेअरची. सेलम काउंटीत आर्टिफिशियल आयलंड आणि फिन्स पॉइंट इथे असे तुकडे आहेत. तिथे न्यू जर्सीतून पायी डेलावेअरमध्ये जाता येतं, मध्ये नदी न ओलांडता.

२४. स्वतः पेट्रोल भरलं तर दंड होतो म्हणे?

१९४९ च्या कायद्याने इथे ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे, कारण सुरक्षिततेचं दिलंय. ओरेगनने २०२३ मध्ये मोकळीक दिल्यापासून अशी सरसकट बंदी असलेलं हे एकच राज्य उरलं. जबाबदारी पंपवाल्याची असते. थंडीत काच थोडी खाली करायची, किती भरायचं ते सांगायचं, कार्ड द्यायचं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गेल्यावर मात्र उतरावं लागतं, आणि इथे वाढलेल्या मुलांची तिथे पहिल्यांदा तारांबळ उडते.

२५. इथे आपली माणसं किती आहेत?

२०२० च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ४ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. मराठी माणसांची वेगळी मोजणी जनगणना करत नाही. वस्ती मुख्यतः मिडलसेक्स, मर्सर, सॉमरसेट, मॉरिस, हडसन या काउंट्यांत. भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड एडिसन टाउनशिप आणि वुडब्रिज टाउनशिपमधल्या इस्लिनमधून जातो. एडिसनचं जुनं नाव रॅरिटन टाउनशिप. थॉमस एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथे होती, म्हणून १९५४ मध्ये नाव बदललं. 'मराठी विश्व' हे इथलं मंडळ, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२ चं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरलं होतं. गणपतीच्या मूर्ती आणि उकडीच्या मोदकांचं पीठ कुठे मिळतं, हा प्रश्न ऑगस्टमध्ये एवढा येतो की त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल. तूर्तास ओक ट्री रोडवर आठवडाभर आधी जा, आदल्या शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.